टांकसाळीचा ठसा आणि बिटकॉइनचे यंत्र

१/ दुरुस्त होणारे यंत्र टिकते, हा समज सध्या बिटकॉइनच्या बाजारात मोठ्या विश्वासाने विकला जात आहे. उस्मानपुऱ्यात १९६० पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्याच शहराच्या मुघलकालीन टांकसाळीचा इतिहास या समजाला उत्तर देतो.

२/ येथे पाडलेल्या रुपयांवर टांकसाळीचे नाव ‘खुजिस्ता बुनियाद’ असे उमटे. दोन ठशांमध्ये चांदीची चकती ठेवून वरून हातोड्याचा घाव घातला जाई. ठसा झिजला की नवा कोरला जाई. ऐरण, हातोडा व भट्टी तीच राहत. सुटा भाग बदलून काम चालू ठेवण्याची कल्पना आजची नव्हे.

३/ परंतु ठसा केवळ झिजेने बाद होत नसे. नाण्यावर बादशहाचे राजवर्ष असे. वर्ष पालटले की धडधाकट ठसाही कालबाह्य होई. मागील वर्षांच्या रुपयांवर सराफ बट्टा कापत. चांदी तीच, वजन तेच, तरी मोल कमी. हे घडे ते नियमामुळे.

४/ बिटकॉइनचा नियम याहून कठोर आहे. नवी नाणी मिळवण्यासाठी यंत्रे अब्जावधी आकडे अजमावतात. यंत्रांचा एकूण वेग वाढला की दर २०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे सुमारे दोन आठवड्यांनी, कोडे अवघड केले जाते. एप्रिल २०२४ पासून एका ब्लॉकमागे ३.१२५ नाणीच मिळतात. यंत्रे कितीही वाढोत.

५/ म्हणून जो कमी वीज जाळतो तोच तगतो. २०१६ मधील अँटमायनर एस-९ एक लाख कोटी प्रयत्नांसाठी सुमारे १०० ज्यूल घेई. आजची उत्तम यंत्रे २० हून कमी घेतात. एस-९ मोडले म्हणून अडगळीत गेले नाही. त्याचे वीजबिल उत्पन्नाला पुरून उरले. डी व्रीस आणि स्टोल यांनी २०२१ मध्ये अशा यंत्रांचे सरासरी आयुष्य अवघे १.२९ वर्षे असल्याचा अंदाज मांडला.

६/ ऑगस्ट २०२५ मध्ये ‘ब्लॉक’ कंपनीने सुट्या भागांचे ‘प्रोटो रिग’ आणले. सांगाडा, पंखे व वीजपुरवठा राखून केवळ चिपांचे फलक बदलायचे. ही सुधारणा खरी आहे, तिची थट्टा करण्याचे कारण नाही. लोखंड वाचेल, पैसा वाचेल. पण नियम तोच असल्यामुळे फलक बदलावाच लागेल, आणि कचऱ्याचा सर्वांत दुःसाध्य भाग तोच आहे.

७/ बाद रुपया आटवून नवा पाडता येई. चांदी वाया जात नसे. या चिपांना मात्र एकच गणित येते. ते परवडेनासे झाले की त्यांना दुसरे काम उरत नाही. म्हणून यंत्र किती सहज उघडते, याआधी ते कशाने मरते, हे विचारले पाहिजे. नियमाने मारलेल्या यंत्राला पेचकस वाचवू शकत नाही.