किडनी ‘साफ’ करण्याची मागणी

‘वैद्यराज, किडनी साफ करणारा एखादा काढा द्या,’ असे म्हणणारा रुग्ण आता प्रत्येक वैद्याच्या परिचयाचा झाला आहे. खेद याचा, की आपल्यापैकी अनेकजण ही मागणी काहीही न तपासता पुरवितात. वृक्क म्हणजे चहाची गाळणी नव्हे.

दोन्ही वृक्कांतील सुमारे वीस लक्ष केशिकागुच्छांतून दिवसाकाठी अंदाजे 180 लिटर द्रव गाळला जातो. मूत्ररूपाने बाहेर पडतो तो जेमतेम दीड लिटर. उरलेले जल, लवणे, शर्करा गुच्छांपुढील नलिकांच्या पेशी रक्तात परत घेतात, आणि खरे कष्ट तेच. सुश्रुताचार्यांनी मूत्रोत्पत्तीसाठी पाण्यात ठेवलेल्या नव्या घटाचा दृष्टांत दिला आहे. त्यात पाझरणे आहे, परत घेणे नाही. ते आधुनिक शारीराकडून शिकण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही.

अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लाचा घाला नेमका या नलिकांवर पडतो. ब्रुसेल्स येथील वजन घटविण्याच्या उपचारांचे प्रकरण 1993 साली प्रसिद्ध झाले. तेथे स्टेफानियाच्या मुळांऐवजी अ‍ॅरिस्टोलोकियाची मुळे वापरली गेली होती. चिनी भाषेत दोहोंच्या नावांत ‘फांगजी’ आहे. शंभराहून अधिक रुग्णांना वृक्कविकार जडला, कित्येकांना डायलिसिस वा प्रत्यारोपण करावे लागले, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. (संदिग्ध द्रव्यांचा प्रश्न आपल्याला नवा आहे काय?)

‘हे चिनी औषधांचे झाले,’ असे म्हणून सुटका नाही. आपली ईश्वरी, म्हणजे सापसण, आणि कीडामारी याच प्रजातीतील आहेत. अशा वनस्पतियुक्त औषधांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2002 सालीच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले. ग्रंथोक्त आहेत म्हणून ही द्रव्ये पोटात देत राहणे आम्हांस मान्य नाही.

शिवाय हानी उशिरा कळते. वृक्कांचे निम्मे कार्य जाईपर्यंत क्रिएटिनिन बहुधा मर्यादेतच दिसते. नलिकांच्या विकारात मूत्रातील अल्ब्युमिनही आरंभी अल्पच असते. दीर्घकाळ औषध देण्यापूर्वी आणि देत असताना मूत्र व क्रिएटिनिन तपासावे, आणि औषधालयचालकांनी कच्चे द्रव्य वनस्पतिशास्त्रीय नावानिशीच घ्यावे, एवढे तरी आपण पाळू या.

आमच्याकडे सापसणीची एक बरणी होती. गेल्या वर्षी ती मुळे आम्ही विक्रेत्यास परत केली. त्याने ती आनंदाने घेतली. मागणी आहे म्हणे. जाळून टाकावयास हवी होती.