आकडा उतरला म्हणून लस संपली?

लहानपणी घेतलेल्या हिपॅटायटिस बीच्या लसीचा असर दहा-पंधरा वर्षांत ओसरतो, तेव्हा कॉलेजला निघालेल्या पोराला बूस्टर द्याच, असं सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या हातात पुरावा असतो तो रक्ताच्या रिपोर्टचा: अँटिबॉडी 10 च्या खाली.

अँटिबॉडी उतरतात, यात वाद नाही. त्यावरून संरक्षण गेलं असं ठरवणं मात्र चूक आहे. हा विषाणू आजार उभा करायला एक ते सहा महिने घेतो. लसीने घडवलेल्या स्मृतिपेशी काही दिवसांतच नव्या अँटिबॉडी तयार करू लागतात. अलास्कात 1981 मध्ये लस घेतलेल्यांची 30 वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा जवळपास निम्म्यांचा आकडा 10 च्या खाली होता. अशांना एक डोस देऊन पाहिला, तर 88 टक्के लोकांच्या अँटिबॉडी पुन्हा वर आल्या.

पण त्या लोकांना लस सहा महिन्यांच्या वयानंतर मिळाली होती, तान्ह्यांचं काय? हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तर तैवानमध्ये आहे. तिथे 1984 पासून नवजात बाळांना लस मिळू लागली. मुलांमधलं वाहकांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होतं, ते वीस वर्षांत एक टक्क्याखाली आलं. एखाद्याला संसर्ग चाटून जातो, पण तो कायमचा जडणं विरळा. जागतिक आरोग्य संघटनाही सरसकट बूस्टर सुचवत नाही. डायलिसिसचे रुग्ण आणि दवाखान्यात सुया हाताळणारे कर्मचारी यांची तपासणी मात्र झालीच पाहिजे.

बूस्टरपेक्षा जालना जिल्ह्यात खरी काळजी करायची ती जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांतल्या डोसची. जन्मताना आईकडून संसर्ग झालेल्या दहापैकी नऊ बाळांत तो कायमचा ठाण मांडतो. मोठ्या माणसांत हे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी. मंठा, घनसावंगीकडची ऊसतोड कुटुंबं हंगामात परजिल्ह्यात असतात. बाळंतपण फडाजवळच्या कोपीवर झालं तर हा पहिला, म्हणजे झिरो डोस हुकतो, मग सहा, दहा, चौदा आठवड्यांचे डोसही रखडतात. लसीचं कार्ड टोळीबरोबर गेलंच पाहिजे, आणि कारखान्याच्या गावातल्या आरोग्य केंद्राने परगावचं बाळ म्हणून त्याला परत पाठवता कामा नये.

दुसरी फट मोठ्यांची. महाराष्ट्रात ही लस सरकारी कार्यक्रमात व्यापकपणे आली 2007-08 च्या सुमारास. त्याआधी जन्मलेल्या अनेकांना एकही डोस मिळालेला नाही. बूस्टरच्या चर्चेत त्यांची आठवणच राहत नाही. त्यांना तर शून्य, एक आणि सहा महिन्यांचे तिन्ही डोस हवेत.