मुदत फक्त बँकेलाच का?

हप्ते थकवणाऱ्यांसाठी सरकारने तिजोरी का उघडावी, हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सवाल वाचला. कर्जमाफी कोणी मागितलेलीच नाही. प्रश्न मुदतीचा आहे.

थकीत कर्जाच्या वसुलीसाठी असलेल्या २००२ च्या सरफेसी कायद्यातील कलम १४ खाली बँकेने अर्ज केला, की जिल्हाधिकाऱ्यांनी ३० दिवसांत, फार तर ६० दिवसांत तारण घराच्या ताब्याचा आदेश द्यायचा. बिल्डरकडून पैसे वसूल करण्याचे महारेराचे (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचे) वॉरंटही जिल्हाधिकाऱ्यांकडेच जाते. त्याला मात्र अशी मुदत नाही! काशीमीऱ्यात ज्यांच्या घराचा ताबा रखडला, ते भाडेही भरतात आणि हप्ताही. अशात नोकरी गेली, ९० दिवस हप्ता थकला, की खाते ‘एनपीए’, म्हणजे अनुत्पादक. मग दोष एकट्या कर्जदाराचा कसा?

आमच्या शेजाऱ्यांच्या दारावर डकवलेली ताब्याची नोटीस मीच त्यांना वाचून दाखवली. सगळी इंग्रजीत, कलमांची नुसती जंत्री. ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. त्यात भर म्हणजे, पूर्वी विक्री होईपर्यंत थकबाकी भरून घर सोडवता येई. २०१६ च्या दुरुस्तीने लिलावाची जाहिरात निघताच ती वाट बंद केली. संसदेने हे केले तेव्हा घरमालकांच्या बाजूने फारसे कोणी बोलले नाही, याची खंत वाटते.

शासनाने दारावरची नोटीस मराठीतून सक्तीची करावी आणि महारेराच्या वॉरंटालाही ६० दिवसांची मुदत घालावी.

– एक वाचक, काशीमीरा