झटपट तपासणीचा कस

ताप चार दिवस टिकला की रुग्ण स्वतःच म्हणतो, "डॉक्टर, टायफॉईडची तपासणी करून टाका." रक्ताचे दोन थेंब पट्टीवर पडतात, पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटते आणि निदान झाले असे सारे धरून चालतात. शेतमजुरी करणाऱ्या एका बाईंना अशाच रेघेवर विसंबून मी आठ दिवस अँटिबायोटिकची इंजेक्शने दिली. ताप हटेना. शेवटी काचपट्टीवर रक्त पाहिले, तर मलेरियाचे जंतू! त्यांची आठ दिवसांची मजुरी बुडाली. चूक माझी होती.

टायफॉईडचे जंतू दूषित अन्नपाण्यातून पोटात जातात. पण वाचकहो, ही पट्टी ते जंतू पाहतच नाही. त्यांच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये ती शोधते. १८९६ पासून चालत आलेली विडाल तपासणीही तेच करते. प्रतिद्रव्ये जुन्या संसर्गाचीही असू शकतात, आणि मलेरियासारखा ताप या तपासण्यांना चकवू शकतो. रक्ताच्या कल्चरमध्ये मात्र प्रत्यक्ष जंतू वाढवून ओळखतात.

सोनार कसोटीवर घासल्याशिवाय सोने घेत नाही. तसेच कोणतीही झटपट तपासणी आधी कल्चरशी ताडून पाहावी लागते. खऱ्या रुग्णांपैकी तिने किती पकडले आणि ज्यांना टायफॉईड नव्हता त्यांपैकी किती जणांना उगाच अडकवले, हे दोन्ही मोजावे लागते. कॉक्रेन या संस्थेने २०१७ साली असे अनेक अभ्यास एकत्र तपासले. त्यात टायफिडॉट प्रकारच्या तपासणीने सरासरी १०० पैकी ८४ रुग्ण ओळखले. टायफॉईड नसलेल्या १०० पैकी २१ जणांना मात्र रुग्ण ठरवले.

हिशेब करून पाहा. तापाच्या १०० रुग्णांत १० जणांना टायफॉईड असेल, तर पट्टी त्यांतले ८ ओळखेल. पण उरलेल्या ९० पैकी १९ जणांवरही शिक्का मारेल. म्हणजे २७ 'पॉझिटिव्ह'पैकी १९ खोटे!

कल्चरही सर्वगुणसंपन्न नाही. त्याला काही दिवस लागतात आणि टायफॉईडच्या शंभरातले साधारण साठच रुग्ण त्यात सापडतात. तरीही कोणते औषध लागू पडेल हे तेच सांगते. टायफॉईडचे जंतू जुन्या औषधांना दाद देईनासे झालेले असताना ही माहिती फार मोलाची आहे.

माझे मत स्पष्ट आहे. आपल्या भागातील रुग्णांवर कल्चरशी ताडून पाहिल्याशिवाय नवे किट प्रयोगशाळांनी वापरात आणू नये. हे काम जिल्हा पातळीवर व्हावे, आणि आम्हा डॉक्टरांनीही केवळ रेघ पाहून औषध लिहू नये. आपण एवढेच करा : ताप लांबला, तर अँटिबायोटिक सुरू होण्यापूर्वी कल्चरसाठी रक्त घ्यायचे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. या प्रश्नाचा राग कोणत्याही डॉक्टरला येऊ नये.