लाठीच्या आधीची पायरी

गणेशोत्सव जवळ आला किंवा निवडणूक लागली, की पेपरात एक बातमी हमखास येते: ‘पोलिसांची दंगा काबू योजनेची रंगीत तालीम.’ सोबत फोटो. हेल्मेट, ढाल, लाठी घेतलेली रांग आणि मागे अश्रुधुराचा पांढरा लोट. चौकातले लोक आधी दचकतात. मग ‘तालीम आहे रे’ असं कळलं, की मोबाइल बाहेर येतात आणि संध्याकाळपर्यंत रील तयार. एखादं तुम्हीही पाहिलं असेल.

पुढच्या वेळी पाहाल तेव्हा एक गोष्ट मोजा. समोरच्या जमावाशी बोलणं, त्याला इशारा देणं, निघून जायला वेळ देणं, यात किती वेळ गेला? आणि लाठी, अश्रुधूर, गोळीबार यात किती? लाठीचा भाग दिसायला भारी असतो, म्हणून लक्षात राहतो तोच. पण खऱ्या आंदोलनात पुढे काय होणार, हे बहुतेक वेळा लाठी उचलायच्या आधीच ठरलेलं असतं. पोलिसांना उजळणी प्रशिक्षण हवंच. पण उजळणी सगळ्यात जास्त व्हायला हवी ती या आधीच्या पायरीची.

‘हा पोलिसांचा विषय, आपलं काय?’ असं म्हणू नका. तुमच्यातले कितीतरी जण आत्ता पहाटे उठून भरतीसाठी सोळाशे मीटर धावतायत, गोळाफेक करतायत. निवड झाली, तर दोन वर्षांत ते बंदोबस्ताच्या रांगेत उभे असतील. उरलेल्यांपैकी कितीतरी जण त्या रांगेसमोर असतील. कुणी परीक्षा रखडली म्हणून, कुणी दुधाचा भाव पडला म्हणून, कुणी आरक्षणासाठी. दोघं एकाच गावचे, एकाच शाळेतले असायची शक्यता आपल्याकडे भरपूर आहे.

कारण आपला जिल्हाच तसा आहे. चौदा तालुके, क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा, आणि आंदोलनांची सवय असलेला. उपोषण म्हटलं की देशाला राळेगणसिद्धी आठवते. १ जून २०१७ चा शेतकरी संप राहाता तालुक्यातल्या पुणतांब्याहून पेटला. २०१६ मध्ये कोपर्डीच्या घटनेनंतर राज्यभर लाखोंचे मूक मोर्चे निघाले. तेवढी माणसं रस्त्यावर उतरली, घोषणा न देता चालली आणि शांतपणे घरी गेली. गर्दी म्हणजे दंगल नव्हे, हे त्या मोर्चांनी सगळ्यांना दाखवलं.

पण दुसरी बाजूही आपल्याच जिल्ह्यातली आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये शेवगाव तालुक्यात ऊसदराचं आंदोलन चिघळलं. अश्रुधूर सोडला गेला, गोळीबार झाला आणि दोन शेतकरी जखमी झाले. मागणी टनामागे किती रुपये मिळावेत याची होती. ती ना पोलिसांच्या हातात होती, ना रस्त्यावर सुटणार होती. तरी रस्त्यावर समोरासमोर आले ते शेतकरी आणि पोलीस.

अगदी अलीकडचं म्हणजे २९ सप्टेंबर २०२५. शहरात एका रांगोळीवरून तणाव झाला, कोठला भागात महामार्ग अडवला गेला, दगड आले, लाठीमार झाला, धरपकड झाली. रांगोळीच्या प्रकरणात पोलिसांनी गुन्हा दाखल करून कारवाई सुरू केलेली होती, तरी गर्दी हटली नाही. दगड मारणाऱ्याचं समर्थन कुणीच करू नये. पण ‘कारवाई झाली आहे’ ही बातमी गर्दीतल्या शेवटच्या माणसापर्यंत, त्याला पटेल अशा माणसाच्या तोंडून आणि अफवेच्या आधी कशी पोचवायची, हे शिकावं लागतं. लाठी चालवायला शिकवतात, तसंच तेही शिकवावं लागतं.

जालना जिल्ह्यातलं अंतरवाली सराटी तर तुम्हाला आठवतच असेल. १ सप्टेंबर २०२३ ला मराठा आरक्षणासाठी सुरू असलेल्या उपोषणाच्या ठिकाणी लाठीमार झाला. आंदोलक जखमी झाले, पोलीसही जखमी झाले. पुढचे काही दिवस राज्यभर बंद, जाळपोळ, एसटी ठप्प. जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवलं गेलं आणि गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांना जाहीर माफी मागावी लागली. एका गावातल्या एका दुपारची किंमत सगळ्या महाराष्ट्राने मोजली.

आणखी मागे जाऊ. २३ नोव्हेंबर १९९४, नागपूर. विधिमंडळाच्या अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. लाठीमार झाला, पळापळ झाली, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जण गेले. त्यात बायका आणि लेकरं मोठ्या संख्येने होती. जमाव पांगवायचा म्हणजे त्याला जायला वाट ठेवायची, हा धडा त्याहून महाग कुणाला पडला नसेल. ‘पांगा’ असं सांगायच्या आधी ‘कुठून?’ याचं उत्तर तयार असलं पाहिजे.

आता कायदा बघू, कारण तिथे एक गोष्ट थेट तुमच्याशी संबंधित आहे. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. भारतीय न्याय संहितेच्या कलम १८९ नुसार बेकायदा जमाव ठरायला पाच माणसं पुरतात, अर्थात त्यांचा हेतू बेकायदा असेल तर. आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ नुसार असा जमाव पांगवण्याचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाण्याचा प्रभारी अधिकारी देऊ शकतो. प्रभारी अधिकारी हजर नसेल, तर उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारीही देऊ शकतो.

म्हणजे आज अभ्यासिकेत बसून एमपीएससीची तयारी करणारी तुमची मैत्रीण पीएसआय झाली, तर पंचविशीतच हा हुकूम तिच्या तोंडून निघू शकतो. समोर पाचशे माणसं, मागे पंधरा शिपाई, वरिष्ठ अजून वीस किलोमीटरवर. त्या क्षणी पुस्तकातलं कलम आठवत नाही. जे शंभर वेळा करून झालंय, तेच हातून होतं. म्हणून उजळणी. ज्यांनी जुनी १२९ आणि १४४ ही कलमं शिकून नोकरी केली, त्यांना तर नवे आकडेही पाठ करायचेत. आपल्याकडे लोक अजूनही १६३ ला ‘एकशे चव्वेचाळीस लागलं’ असंच म्हणतात.

उजळणीत आज काय असतं, तेही फेकून देण्यासारखं नाही. लाठी कमरेच्या खाली मारायची, डोक्यावर कधीच नाही. अश्रुधुराआधी वाऱ्याची दिशा बघायची, नळकांडं माणसावर रोखायचं नाही. बळ लागेल तेवढंच वापरायचं आणि जमाव हटला की थांबायचं. हे सगळं वर्षातून एकदा, उत्सवाच्या आदल्या आठवड्यात उरकण्याचं काम नाही. हे हातात बसलं पाहिजे. पण याच्या आधी बोलण्याचा जो भाग येतो, त्यालाही तेवढंच मैदान मिळालं पाहिजे.

बोलून काय होतं, असं वाटत असेल तर एप्रिल २०२३ आठवा. शेतकऱ्यांचा पायी मोर्चा अकोल्याहून लोणीकडे, महसूलमंत्र्यांच्या गावाकडे निघाला. हजारो माणसं, उन्हाळा, पुढे थेट मंत्र्यांचं घर. चिघळायला लागतं ते सगळं होतं. पण दुसऱ्याच दिवशी मंत्री वाटेत मोर्चाला सामोरे गेले, चर्चा झाली आणि लोणीला पोचायच्या आधीच मोर्चा थांबला. त्याआधी मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला गेलेल्या शेतकऱ्यांनी दहावीच्या मुलांना पेपरला जाताना त्रास नको, म्हणून शेवटचा टप्पा रात्रीतून चालून काढला. आंदोलकांशी आधीपासून बोलणं असेल तर असेही निर्णय होऊ शकतात.

बाहेरच्या जगातही हे शहाणपण ठेच लागूनच आलंय. स्वीडनमध्ये २००१ साली गोथेनबर्ग शहरात युरोपीय संघाच्या परिषदेवेळी मोठी दंगल झाली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर तिथे ‘संवाद पोलीस’ ही पद्धत उभी राहिली. अंगावरच्या जॅकेटवर तसं लिहिलेलं असतं. त्यांचं काम आंदोलनाच्या आधी, चालू असताना आणि संपल्यावरही आयोजकांशी बोलत राहणं. आपल्या ठाण्यातला एखादा जुना हवालदार हेच काम वर्षानुवर्षं करत आलेला असतो. गावात कुणाचं कोण ऐकतं, हे त्याला तोंडपाठ असतं. तो निवृत्त झाला, की ते ज्ञानही त्याच्यासोबत घरी जातं. ते प्रशिक्षणात आणा, एवढंच म्हणणं आहे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. रंगीत तालमीचा अर्धा वेळ बोलण्याला द्या. जमावाची भूमिका दरवेळी पोलिसांनाच नका देऊ, एनएसएसच्या मुलांना, शेतकरी संघटनांच्या लोकांना, मोहल्ल्यातल्या आणि वाड्यावस्तीवरच्या माणसांना बोलवा. खरे प्रश्न, खरा राग, खरी भाषा समोर येऊ द्या. प्रत्येक आंदोलनासाठी एकच संपर्क अधिकारी नेमा आणि त्याचं नाव आयोजकांना आधी कळवा. जमावाला जायची वाट नकाशावर आधी आखा. आणि प्रत्येक मोठ्या बंदोबस्तानंतर आठवड्याभरात बसून काय जमलं, काय चुकलं, याची नोंद करा. ती नोंद पुढच्या तुकडीचा धडा व्हावी.

यात एक गोष्ट विसरून चालणार नाही. सकाळपासून उन्हात उभा असलेला, जेवणाचा पत्ता नसलेला, आठवड्याची सुट्टी रद्द झालेला शिपाई संध्याकाळी सहा वाजता संयम दाखवेल, ही अपेक्षा कोणतंही प्रशिक्षण पूर्ण करू शकत नाही. होमगार्डचंही तेच. पाणी, सावली आणि बदली माणूस हाही जमाव नियंत्रणाचाच भाग आहे.

आणि आपण? आपल्यालाही उजळणी लागते. मोर्चा काढताय तर स्वयंसेवक ठरवा, त्यांच्या हातावर पट्टी बांधा, पोलिसांशी कोण बोलणार ते आधी ठरवा. ग्रुपवर आलेला व्हिडिओ कधीचा, कुठला, हे बघितल्याशिवाय पुढे ढकलू नका. रुग्णवाहिका आली की रस्ता द्या. शेजारच्याने दगड उचलला तर त्याचा हात धरा. आणि निघून जाण्याचा इशारा ऐकू आला, तर रील थांबवून म्हातारी माणसं आणि लेकरं आधी बाहेर काढा. शांतपणे एकत्र जमण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने दिलाय. त्यातला ‘शांतपणे’ हा शब्द सांभाळायची जबाबदारी आपली आहे, आणि ‘हक्क’ हा शब्द सांभाळायची पोलिसांची.

ऊसदर, कांदा, दूध, आरक्षण, परीक्षा यातलं काही ना काही रस्त्यावर येतच राहणार. त्या दिवशी रांगेतल्या मुलाला आणि मोर्चातल्या मुलाला एकमेकांशी काय बोलायचं हे माहीत असेल, तर दोघंही रात्री आपापल्या घरी जेवायला असतील. मैदानावर घाम गाळायचाच आहे, तर आधी यासाठी गाळू या.