मुक्या रुग्णाचे वकीलपत्र

जाब विचारणे हा आमचा व्यवसाय आहे. सचिवालयातील फाइल कोठे अडली, पुलाचा खांब का खचला, खाणींचे पाणी कोणाच्या शेतात शिरले, हे विचारताना आमची लेखणी कधी अडखळली नाही. परंतु गेल्या पावसाळ्यात एका पशुवैद्यासमोर आम्ही मुकाट्याने उभे राहिलो, आणि त्या मुकेपणाची किंमत एका जिवाला मोजावी लागली. तो जीव मांजराचा होता. अग्रलेखाच्या जागी मांजर कसे आले म्हणून ज्यांना हसू येईल त्यांनी जरूर हसावे. मात्र शेवटपर्यंत वाचून मग हसावे, एवढीच विनंती.

कागदाच्या रिळांना उंदरांचा उपद्रव फार झाला म्हणून आमच्या छापखान्यात मांजरीचे एक पिल्लू आणले गेले. कामगारांनी तिचे नाव 'बायो' ठेवले. दुपारच्या डब्यातील बांगड्याचे डोके तिचे, ही प्रथा कोणी ठराव न करताच पडली. आषाढात तिचे खाणे कमी झाले, अंग तापू लागले आणि पोट मात्र वाढू लागले. कामगारांना वाटले, गाभण असेल. पाठीचा कणा हाताला लागू लागला तेव्हा आम्ही तिला खोक्यात घालून पशुवैद्याकडे नेले. त्यांनी पोट चाचपले व म्हणाले, "पोटात पाणी झाले आहे. या रोगाला औषध नाही. उगाच पैसे घालवू नका." आम्ही मान डोलावली, आभार मानले आणि खोके परत आणले. पाचव्या रात्री बायो गेली.

त्या रोगाला मांजरांचा सांसर्गिक उदरावरणदाह म्हणतात, 'एफ.आय.पी.' या आद्याक्षरांनी तो जगभर ओळखला जातो. 1963 साली अमेरिकेतील जीन होल्झवर्थ या पशुवैद्य विदुषीने त्याचे प्रथम वर्णन केले. मांजरांच्या आतड्यांत एक कोरोना विषाणू सर्रास आढळतो. बहुसंख्य मांजरांना तो थोड्या हगवणीपलीकडे त्रास देत नाही. थोड्या मांजरांच्या शरीरात मात्र तो रूप पालटतो आणि मग पोटात वा छातीत पिवळसर, चिकट पाणी साठते, अथवा डोळे व मेंदू यांवर घाला पडतो. दोन वर्षांच्या आतील कोवळी मांजरे त्याला अधिक बळी पडतात. माणसाला तो होत नाही. अर्धशतकाहून अधिक काळ हा रोग म्हणजे मृत्युलेख, असेच वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकविले गेले, आणि त्या काळापुरते ते खरेही होते.

आता ते खरे राहिलेले नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत नील्स पेडरसन या संशोधकाने 'जी.एस. 441524' नावाच्या द्रव्याचा प्रयोग आपोआप हा रोग जडलेल्या 31 मांजरांवर केला आणि 2019 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बारा आठवड्यांचा उपचार पुरा करू शकलेल्या 26 मांजरांपैकी बहुतेक सर्व जगली. 2021 च्या त्या भीषण उन्हाळ्यात ज्या रेमडेसिविरच्या कुप्यांसाठी आपण रात्ररात्र वणवण केली, ते याच द्रव्याचे भावंड होय. शरीरात गेल्यावर त्याचे रूपांतर होऊन हेच द्रव्य तयार होते. पुढे ब्रिटनमध्ये 2021 पासून ही औषधे पशुवैद्यांना कायदेशीरपणे मिळू लागली. 2023 साली सायप्रस बेटावर या रोगाची मोठी साथ आली तेव्हा तेथील सरकारने माणसांच्या कोविडसाठी साठवलेल्या गोळ्या मांजरांसाठी खुल्या केल्या. 2024 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही पशुवैद्याच्या चिठ्ठीवर हे औषध बनवून देण्याच्या आड न येण्याचे धोरण जाहीर केले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात, पोटात वा छातीत पाणी झालेल्या मांजरांना 84 दिवसांऐवजी 42 दिवसांचा उपचारही पुरला, असे दिसून आले.

हे सारे आम्हांला कळले ते बायो गेल्यावर. आणि ते कळविले एका शाळकरी मुलीने. फोंड्याच्या बाजूची ही मुलगी आपल्या आजोबांबरोबर आमच्या कचेरीत आली होती. तिच्या मांजरालाही हाच रोग झाला होता आणि तिलाही पहिले उत्तर तेच मिळाले होते. फरक एवढाच की तिने मान डोलावली नाही. तिने विचारले, "डॉक्टर, हाच रोग आहे हे कशावरून?" डॉक्टर प्रथम त्रासले. बाहेर रांग होती, आत एक गाभण गाय अडली होती. पण मुलगी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. भांडायला नव्हे, विचारायला. मांजराने किती खाल्ले, ताप किती, वजन किती, हे तिने वहीत लिहून नेले होते. त्या वहीने डॉक्टरांचे मन वळविले. त्यांनी पोटातील पाणी काढून तपासले, मुंबईतील आपल्या एका सहाध्यायाला दूरध्वनी केला आणि उपचार सुरू केला. मात्र मुलीच्या घरच्यांना त्यांनी आधीच बजावले, की खर्च बराच आहे आणि यशाची हमी नाही. चौऱ्याऐंशी दिवसांनी त्या वहीचे शेवटचे पान भरले. मांजर आज कुळागरात उंदीर धरते.

ही कथा आम्ही पशुवैद्यांना दोष देण्यासाठी सांगत नाही. आमच्या राज्यातील पशुवैद्याच्या वाट्याला गाई, म्हशी, डुकरे, कोंबड्या, कुत्रे असा सारा पसारा येतो. त्याची तपासणीची साधने अपुरी, वेळ त्याहून अपुरा. ज्याने शिकताना 'असाध्य' हा शब्द पाठ केला त्याला तो रोग साध्य झाल्याची वार्ता उशिरा पोचली तर त्यात नवल नाही. शिवाय उपचार सांगितला की "एका मांजरासाठी एवढे पैसे?" असे विचारून निघून जाणारे आपणच असतो. दहा जणांनी पाठ फिरविल्यावर अकराव्याला डॉक्टर उपचार सांगतच नाहीत. दोष उभयपक्षी आहे, आणि तो दूर करण्याचा आरंभ आपल्याकडून होऊ शकतो.

माणूस आजारी पडला तर तो कण्हतो, रडतो, नातेवाइकांना हाक मारतो. मांजर आपले दुखणे लपविते. ते माळ्यावर, कोनाड्यात, पलंगाखाली जाऊन बसते, आणि आपण म्हणतो, "रुसले असेल." दोन-तीन दिवस न खाल्ल्यानेच मांजराच्या यकृताला धोका होतो. बोक्याचा मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत तो प्राणास मुकतो. त्याचे न्हाणीच्या कोपऱ्यात वारंवार कुंथणे हे बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजणारी घरे आम्ही पाहिली आहेत. ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला देणे हे तर विष देणेच होय; ती पचविण्याची शक्ती निसर्गाने मांजराला दिलेली नाही. तेव्हा या मुक्या रुग्णाचे पहिले वकीलपत्र घरच्या माणसाने घ्यायचे असते, आणि वकिलाची पहिली पात्रता म्हणजे त्याला आपल्या अशिलाची हकीकत ठाऊक असणे. खाणे, पाणी, लघवी, ताप, वजन यांची रोजची नोंद ही ती हकीकत होय.

मग प्रश्न विचारावेत. निदान कशावरून केले? ते पक्के करण्यास आणखी कोणती तपासणी हवी? उपचार कोणते, खर्च किती, यशाची आशा किती? उपचार न केल्यास काय होईल? त्याला वेदना आहेत काय आणि त्या कशाने कमी होतील? आणि आपल्याकडे साधन नसेल तर आम्ही कोणाकडे जावे? हे सहा प्रश्न नम्रपणे विचारता येतात. तपासण्याही सर्वच महाग असतात असे नाही. पोटातील पाण्याचा एक थेंब पातळ केलेल्या ॲसेटिक आम्लात टाकून तो विरतो की टिकतो हे पाहण्याची 'रिवाल्टा' चाचणी खेड्यातील दवाखान्यातही करता येते. थेंब टिकला म्हणजे रोग सिद्ध झाला असे नव्हे. पण विरला तर हा रोग नसण्याचा संभव मोठा, आणि मग दुसरे कारण शोधता येते.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली पाहिजे. वकिली म्हणजे वैद्यकी नव्हे. कोणी सांगितले म्हणून चोरट्या वाटेने कुप्या आणून घरच्या घरी सुया टोचणे हा मार्ग आम्ही सुचवीत नाही. औषधाची मात्रा रोगाच्या रूपावर आणि रुग्णाच्या वजनावर ठरते. ते काम डॉक्टरांचे. त्याचप्रमाणे प्रत्येक आजारी मांजर जगलेच पाहिजे असा हट्टही आम्ही धरीत नाही. जेथे आशा सरली आहे आणि यातना उरल्या आहेत, तेथे डॉक्टरांच्या हातून शांत मरण देणे ही सुद्धा शुश्रूषाच आहे. ज्या घरात पोरांच्या शाळेचे पैसे जुळत नाहीत त्याने कर्ज काढून मांजर वाचवावे, असेही आम्ही म्हणणार नाही. आमचा आग्रह इतकाच, की निर्णय माहितीने व्हावा, अज्ञानाने नव्हे. 'उपाय आहे, पण आम्हांला झेपत नाही' हे दुःख वेगळे, आणि 'उपाय नाही' असे समजून परत फिरणे वेगळे. पहिल्यात दारिद्र्य आहे, दुसऱ्यात फसगत आहे.

कायदा या बाबतीत मुका नाही. 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमाच्या तिसऱ्या कलमानुसार ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याच्या सुखरूपतेसाठी सर्व वाजवी उपाय योजणे हे त्याचे कर्तव्य ठरते. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीवमात्राविषयी करुणा हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. कर्तव्य नागरिकाचे, तर ते पार पाडण्याची साधने उपलब्ध करणे हे शासनाचे. या औषधांचा वापर कसा करावा याविषयी पशुवैद्यांना स्पष्ट मार्गदर्शन देणे, नव्या उपचारांची माहिती त्यांच्यापर्यंत नियमाने पोचविणे, आणि उत्तर व दक्षिण गोव्यात रात्री-अपरात्री दार उघडणारा निदान एकेक दवाखाना ठेवणे, ही काही अवघड मागणी नव्हे. कुत्र्यांच्या लसीकरणाची मोहीम घरोघर नेऊन याच राज्याने रेबीजला आवर घालून दाखविला आहे. इच्छा असली की यंत्रणा उभी राहते.

बाळाच्या जन्मानंतर सहाव्या रात्री आपण जिची पूजा करतो त्या षष्ठीदेवीचे वाहन मांजर आहे. आणि भक्तिशास्त्रातला मार्जारन्याय तर प्रसिद्धच आहे. वानराचे पिल्लू आईला घट्ट धरून राहते. मांजराचे पिल्लू काहीच करीत नाही, आई त्याला तोंडात धरून नेईल तेथे विश्वासाने जाते. आजारी मांजर आपल्या हाती असते ते असेच. बायोलाही आम्ही खोक्यात घातले तेव्हा तिने नखे काढली नाहीत. तिचा भरवसा आमच्यावर होता आणि आम्ही एक प्रश्नही विचारला नाही. वाचकांपैकी कोणावर तशी वेळ आली तर त्यांनी तो विचारावा.