इच्छामरणाचा कायदा आणि खाटेचे भाडे

प्रा. सदानंद वर्दे यांनी १९८५ साली महाराष्ट्र विधान परिषदेत एक खासगी विधेयक मांडले होते. असाध्य रोग्याचे जीवरक्षक उपचार थांबविणाऱ्या डॉक्टरास कायद्याचे संरक्षण असावे, एवढीच त्यातील मागणी. त्याचा कायदा झाला नाही. पुढे के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये याचिका फेटाळली, परंतु निष्क्रिय दयामरणाचा मार्ग खुला केला. २०१८ मध्ये घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून आगाऊ इच्छापत्रास मान्यता दिली, आणि २०२३ मध्ये त्याची किचकट कार्यपद्धती सुलभ केली.

आता याच्या पुढचे पाऊल टाकावे, डॉक्टरने स्वतः मरणाचे औषध द्यावे, अशी मागणी अधूनमधून होते. ऑरेगॉनचा कायदा १९९७ पासून, नेदरलँड्सचा २००२ पासून अमलात आहे. दोन डॉक्टरांचे मत, वारंवार केलेली विनंती अशा तेथील तरतुदी कागदावर चोख आहेत. पण त्या सर्वांच्या मुळाशी एक गृहीत आहे, ते म्हणजे रोगी निवड करण्यास मोकळा आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास येथेच अडखळावे लागते, कारण जेथे पर्यायच परवडत नाही तेथे निवड हा शब्द पोकळ ठरतो. आपण घरच्यांवर ओझे होऊ ही भीती ऑरेगॉनच्या वार्षिक अहवालांतही कारण म्हणून नोंदली जाते. मग आमच्या शिवाजी पेठेतील दोन खोल्यांच्या घरात तिचे वजन किती असेल?

वस्तुतः निष्क्रिय दयामरण आपल्याकडे केव्हाचेच चालू आहे, फक्त त्याला ते नाव नाही. दागिने गहाण पडतात, अतिदक्षता विभागाचे रोजचे भाडे झेपेनासे होते, आणि मग 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध' अशा कागदावर मुलगा सही करून बापाला घरी आणतो. त्याच्यासाठी प्राथमिक मंडळ बसत नाही, दुय्यम मंडळही नाही. न्यायालयाने घालून दिलेले सारे संरक्षण खाटेवर टिकून राहू शकणाऱ्यालाच लाभते. उद्या सक्रिय मरणाची मुभा दिली, तर हीच सही बाप स्वतः करील. आणि ती स्वेच्छेची होती की नाही, हे कोणते मंडळ सांगणार?

आचार्य शांतिसागरांची १९५५ मधील कुंथलगिरीवरील सल्लेखना किंवा विनोबांचे १९८२ मधील पवनारचे प्रायोपवेशन येथे दाखला म्हणून देणे गैर आहे. त्या साधनेत शासनाचा परवाना नव्हता आणि कोणाचे बिलही थकलेले नव्हते.

म्हणून माझा विरोध आजच्या परिस्थितीत या कायद्याला आहे, तत्त्वाला नव्हे. वेदनाशमनासाठी मॉर्फिन सुलभ व्हावे म्हणून अमली पदार्थांचा कायदा २०१४ मध्ये सुधारला गेला. ते औषध आणि ते देणारी परिचारिका तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत प्रथम पोहोचू द्यावी. इच्छापत्रे जतन करण्यासाठी स्थानिक संस्थेने अधिकारी नेमावा, असे २०२३ च्या आदेशात आहे. तो अधिकारी कोणत्या खोलीत, कोणत्या वेळी भेटतो, हे महापालिकेने आणि ग्रामपंचायतींनी फलकावर ठळक लिहावे.